आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरसाठी हाताने भरलेली काडतुसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेंजवर नव्याने येणारे आणि घरी काडतुसं भरायला नुकतीच सुरुवात केलेले लोक हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. शब्दांचं आधी सांगतो. 'भरणी' म्हणजे गोळी, दारू, प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) आणि पितळी पुंगळी यांचा ठरलेला मेळ. 'गोळी' म्हणजे फक्त पुढे उडून जाणारा भाग, अख्खं काडतूस नव्हे. 'घर' म्हणजे सिलिंडरमधलं काडतूस बसायचं भोक. किती ग्रेन (वजनाचं एक लहान माप) दारू घालायची याचे आकडे इथे मिळणार नाहीत. ते दारू बनवणाऱ्या कंपनीच्या चालू तालिकेतूनच घ्यायचे. मित्राच्या वहीतून नाही आणि माझ्याकडून तर नाहीच.

आखूड नळी म्हणजे नेमकी किती?

साधारण ३ इंचांच्या आतली. खिशात बाळगायच्या पाच काडतुसांच्या रिव्हॉल्व्हरांची नळी बहुतेक वेळा पावणेदोन ते दोन इंच, म्हणजे ४५ ते ५० मिलिमीटर असते. १९२७ मध्ये आलेलं कोल्टचं डिटेक्टिव्ह स्पेशल आणि १९५० मधलं स्मिथ अँड वेसनचं चीफ्स स्पेशल यांनी हा घाट रूढ केला. पहिल्यात सहा काडतुसं बसत, दुसऱ्यात पाच.

मोजण्यात एक गंमत आहे. रिव्हॉल्व्हरची नळी मोजताना सिलिंडर धरत नाहीत, पण पिस्तुलाच्या नळीत काडतुसाचं घर धरतात. त्यामुळे दोन इंची रिव्हॉल्व्हर आणि दोन इंची पिस्तूल यांची थेट तुलना करू नका.

तालिकेत दिलेला वेग माझ्या रिव्हॉल्व्हरमधून का मिळत नाही?

कारण तो वेग तुमच्या रिव्हॉल्व्हरचा नसतोच. तालिकेच्या वर बारीक अक्षरात चाचणीची नळी लिहिलेली असते. कुठे चार इंच, कुठे सहा, तर कुठे त्याहून लांब आणि सिलिंडरच नसलेली बंद नळी. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये फट असते, साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर. तिथून वायू निसटतो. त्यातून एकाच कारखान्याच्या, एकाच नमुन्याच्या दोन रिव्हॉल्व्हरांतही वेगाचा फरक पडतो. एखादी घट्ट दोन इंची नळी ढिल्या तीन इंचीला मागे टाकते, हे मी क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) पाहिलं आहे.

अंदाज हवा असेल तर .३८ स्पेशल या काडतुसाची १५८ ग्रेन गोळीची साधी भरणी चार इंची नळीतून सेकंदाला २३० मीटरच्या आसपास जाते. दोन इंचीतून ती २१५ च्या आजूबाजूला येते. म्हणजे फार काही बिघडत नाही. .३५७ मॅग्नम या जास्त दाबाच्या काडतुसाची १२५ ग्रेनची जोरदार भरणी मात्र चार इंचीतून ४४० मीटरच्या घरात असते आणि दोन इंचीत ३६० वर घसरते. जितकी दारू जास्त, तितकं आखूड नळीत नुकसान मोठं. भरणी निवडताना हे आधी डोक्यात ठेवा, कारण पुढच्या निम्म्या उत्तरांचं मूळ इथेच आहे.

नळी आखूड आहे, मग लवकर जळणारी दारूच घ्यायला हवी ना? नाहीतर ती नळीबाहेर जळेल.

हा समज इतका पसरलेला आहे की छापील पुस्तकांतही भेटतो. अर्धा खरा, अर्धा चुकीचा.

चुकीचा भाग आधी. दाबाचा कळस गोळी जेमतेम इंचभर सरकते तोवरच येऊन जातो, नळी दोन इंची असो वा आठ इंची. बहुतेक दारूही त्याच सुमारास जळून झालेली असते. पुढची नळी फक्त फुगणाऱ्या वायूला गोळी ढकलायला आणखी जागा देते. त्यामुळे सहा इंची नळीत जी दारू सर्वांत जास्त वेग देते, तीच बहुधा दोन इंचीतही सर्वांत जास्त देते. 'आखूड नळीला लवकर जळणारी दारू म्हणजे जास्त वेग' हे समीकरण क्रोनोग्राफसमोर टिकत नाही.

नळीच्या तोंडाशी दिसणारा भडकाही 'न जळलेल्या दारूचा' नसतो. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतात. हवेतला ऑक्सिजन मिळाला की ते पुन्हा पेटतात, आणि तोच भडका आपल्याला दिसतो. नळी आखूड असली की गोळी बाहेर पडताना आतला दाब अजून चढा असतो, म्हणून भडका मोठा आणि आवाज कानठळ्या बसवणारा.

आता खरा भाग. हळू जळणारी दारू जास्त प्रमाणात घालावी लागते. ती सगळी दारू वायू होऊन पुढे फेकली जाते आणि तिचाही धक्का हाताला बसतो. शिवाय .३८ स्पेशलसारख्या कमी दाबाच्या काडतुसात ती नीट पेटत नाही, एका गोळीचा वेग दुसरीशी जुळत नाही आणि सिलिंडरच्या चांदणीखाली (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चकतीखाली) न जळलेले दाणे अडकतात. तो एक दाणा सिलिंडर जाम करायला पुरतो. म्हणून आखूड .३८ साठी मी लवकर किंवा मध्यम गतीने जळणारी दारूच घेतो. कारण वेग नव्हे. कारण कमी धक्का, कमी भडका आणि एकसारखेपणा. थोडा वेग गेला तर जाऊ दे.

हलकी गोळी घ्यावी की जड?

आखूड नळीत मी मध्यम ते जड गोळीच्या बाजूचा आहे, आणि त्याचं पहिलं कारण आहे साइट, म्हणजे नेम धरायच्या खुणा. या रिव्हॉल्व्हरांचे साइट बहुधा पक्के बसवलेले असतात. मागे फ्रेममध्येच कोरलेली खाच, पुढे एक उंचवटा. फिरवायला स्क्रू नाही. .३८ मध्ये हे साइट परंपरेने १५८ ग्रेनच्या गोळीशी जुळवलेले असतात, म्हणजे साइट बदलता येत नसेल तर साइटशी जुळणारी भरणी शोधायची.

नवख्याला वाटतं जड गोळी खाली लागेल. जवळच्या अंतरावर उलटं होतं. चाप ओढल्यावर गोळी नळीत असतानाच रिव्हॉल्व्हरचं तोंड वर उचलू लागतं. जड गोळी हळू जाते, नळीत जास्त वेळ असते आणि तोवर तोंड आणखी वर गेलेलं असतं. म्हणून जड गोळी वर लागते आणि ११० ग्रेनची चपळ गोळी खाली. १० मीटरवर हा फरक काही सेंटिमीटरचा होऊ शकतो. तुमचं रिव्हॉल्व्हर सातत्याने खाली मारत असेल तर साइट कानशीने घासण्याआधी गोळीचं वजन एकदा बदलून बघा. घासलेला धातू परत चिकटवता येत नाही.

हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्का इतका का बसतो? भरणीने तो किती कमी होतो?

हिशोब कागदावर करून बघण्यासारखा आहे. १५८ ग्रेन म्हणजे साधारण १०.२ ग्रॅम. ती २३० मीटर वेगाने पुढे गेली तर तेवढाच संवेग रिव्हॉल्व्हरला मागे मिळतो. रिव्हॉल्व्हर एक किलोचं असेल तर ते सेकंदाला सव्वादोन-अडीच मीटर वेगाने मागे येतं आणि त्याची ऊर्जा पावणेतीन ज्यूलच्या आसपास भरते. तीच गोळी ४२५ ग्रॅमच्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेममधून मारली की वेग साडेपाच मीटर आणि ऊर्जा साडेसहा ज्यूल. (यात वायूचा वाटा धरलेला नाही, तो धरला की आकडे आणखी वर जातात.) वजन निम्मं केलं की मागे येणारी ऊर्जा दुप्पट, असा हा सरळ व्यवहार आहे. हलकं रिव्हॉल्व्हर खिशाला सुखावतं आणि तळहाताला शिक्षा देतं.

आता त्याच हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये सपाट तोंडाची १४८ ग्रेनची वॉडकटर गोळी २०० मीटरच्या वेगाने मारा. साडेसहाचे सव्वाचार ज्यूल होतात. गोळीच्या वजनात फक्त दहा ग्रेनचा फरक, वेग थोडा कमी, पण हातात फरक लगेच जाणवतो. उलट त्या वजनाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३५७ ची जोरदार भरणी वायूचा वाटा धरून साध्या .३८ च्या अडीचपट धक्का देते. अशी पाच काडतुसं मारून सहाव्याला डोळे न मिटणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

मारता मारता बाकीच्या काडतुसांतली गोळी पुढे सरकते म्हणतात. हे खरं आहे?

अगदी खरं. आखूड आणि हलक्या रिव्हॉल्व्हरसाठी काडतुसं भरणाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष द्यायची हीच जागा आहे.

काय होतं ते बघा. एक काडतूस उडालं की रिव्हॉल्व्हर झटक्याने मागे येतं. उरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांची कड सिलिंडरने मागून धरलेली असते, त्यामुळे पुंगळी बरोबर मागे खेचली जाते. पुंगळीच्या तोंडातली गोळी मात्र जडत्वाने जागच्या जागी राहू बघते. पकड ढिली असेल तर प्रत्येक धक्क्याला गोळी केसभर पुढे येते. पाचवं काडतूस चार धक्के खाऊन बसलेलं असतं. गोळी सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावली की ती नळीच्या कडेला अडते आणि सिलिंडर फिरायचं थांबतं. मग चाप ओढला जात नाही आणि सिलिंडर उघडतही नाही.

माझ्याबाबत हे घडलं तेव्हा चूक सर्वस्वी माझी होती. तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या, खाच नसलेल्या गोळ्या होत्या. पोलादी चार इंची रिव्हॉल्व्हरमध्ये शेकडो मारल्या होत्या, एकदाही त्रास नाही. त्याच पेटीतली पाच काडतुसं हलक्या दोन इंचीत भरली. चौथ्यानंतर चाप दगड झाला. रेंज अधिकाऱ्याने नळी मातीच्या बांधाकडे धरायला लावून, लाकडी दांडी आणि भरपूर संयम वापरून ती गोळी मागे ढकलली. भरणी तीच, काडतूस तेच, बदललं होतं फक्त रिव्हॉल्व्हरचं वजन.

उपाय तीन. पहिला, पुंगळीचं तोंड गोळीला नीट आवळून धरतंय ना ते बघा. क्रिंप, म्हणजे पुंगळीची कड गोळीवर वळवणं, हा शेवटचा हात आहे. खरी पकड पुंगळीच्या आतल्या भिंतीची असते, आणि तोंड रुंदावणारं साधन जास्त खोल घातलं तर ती पकडच जाते. दुसरा, खाच असलेली गोळी घ्या आणि पुंगळीची कड त्या खाचेत वळवा. मुलाम्याच्या गोळीवर जोर लावून कड वळवली तर मुलामा कापला जातो आणि गोळी उलट सैल होते. तिसरा, चाचणी. सिलिंडर पूर्ण भरा, एक काडतूस खुणेचं ठेवा, त्याची लांबी कॅलिपरने मोजा. बाकीची चार मारा. खुणेचं काडतूस काढून पुन्हा मोजा. लांबी जाणवण्याइतकी वाढली असेल तर ती भरणी त्या रिव्हॉल्व्हरसाठी बाद. हे तीन-चार वेळा करा, आणि करा ते सर्वांत हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये.

+पी भरणी करावी का?

.३८ स्पेशलची दाबाची मर्यादा अमेरिकेतल्या सामी या मानक संस्थेनुसार १७,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. +पी ची २०,०००. .३५७ मॅग्नमची ३५,०००. +पी म्हणजे साध्याहून थोडंसं जास्त, मॅग्नमच्या जवळपासही नाही. पेटीवर '+पी+' दिसलं तर त्याला सामीचं कुठलंच मानक नाही, हेही माहीत असू द्या.

रिव्हॉल्व्हर +पी साठी मान्य आहे की नाही ते त्याच्या पुस्तिकेत किंवा नळीवर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर उत्तर 'नाही' असं समजायचं. मान्य असलं तरी दोन इंची नळीत +पी मुळे मिळणारा जादा वेग बहुधा सेकंदाला २० ते ३० मीटर. सरावासाठी त्याची काही गरज नाही. झीज रिव्हॉल्व्हरचीही होते आणि मनगटाचीही.

.३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ भरून चालेल?

चालतं, आणि बहुतेक वेळा तेच शहाणपणाचं. दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच आहे. .३५७ ची पुंगळी सुमारे ३.४ मिलिमीटरने लांब ठेवलीय ती मुद्दाम, जुन्या .३८ मध्ये ती पूर्ण बसू नये म्हणून. उलटं कधीच करायचं नाही. सैल घर असलेल्या एखाद्या जुन्या .३८ मध्ये .३५७ चुकून बसलंच तरी नाही.

.३८ पुष्कळ मारल्यावर घरात काजळीचं कडं जमतं. मग .३५७ चं काडतूस शेवटच्या काही मिलिमीटरला अडतं. दाबून बसवू नका. ब्रशने घर साफ करा.

वॉडकटर म्हणजे फक्त कागद फोडायची गोळी ना?

हिणवायचं काही कारण नाही. सपाट तोंडाची ही १४८ ग्रेनची गोळी जवळजवळ पूर्ण पुंगळीच्या आत बसते. त्यामुळे आतली मोकळी जागा कमी होते, थोडी दारूही एकसारखी जळते आणि भोकांचे गट छान पडतात. कागदाला पंच मशीनने पाडल्यासारखं स्वच्छ भोक पडतं, गुण मोजताना वाद होत नाही. आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर शिकायचं असेल तर पहिली पाचशे काडतुसं हीच असावीत असं माझं मत आहे.

खोड दोनच. तोंड सपाट असल्याने स्पीडलोडरमधून (सगळी काडतुसं एकदम भरायच्या साधनातून) ती घरांत पटकन उतरत नाहीत, कडेला अडतात. आणि बुडाशी पोकळी असलेली वॉडकटर कधीही जोरात मारायची नाही. तिची बुडाची पातळ भिंत फाटून मागे नळीत राहू शकते आणि पुढची गोळी त्यावर आदळते. थोडा जास्त वेग हवाच असेल तर भरीव बुडाची वॉडकटर घ्या आणि तिचीच तालिका वापरा. एकीची तालिका दुसरीला लावायची नाही.

शिशाची, मुलाम्याची की जॅकेटवाली?

शिशाची गोळी नळीतून सहज सरकते, म्हणून कमी दारूच्या सौम्य भरणीला तीच योग्य. जॅकेटवाल्या, म्हणजे तांब्याचं कवच असलेल्या, गोळीला घर्षण जास्त. तिची भरणी तालिकेतल्या किमान मर्यादेखाली नेली तर ती नळीतच अडकून राहू शकते. सौम्य काडतूस हवं म्हणून जॅकेटवाल्या गोळीची दारू कमी करत जाणं ही चूक दरवर्षी कोणीतरी करतंच.

शिशाबद्दल आणखी एक. 'जितकं कठीण तितकं चांगलं' हे .३८ ला लागू नाही. कमी दाबात फार कठीण गोळी बुडाशी फुगत नाही, वायू तिच्या कडेने पुढे निसटतो आणि शिसं वितळून नळीला चिकटतं. मऊ शिसं, योग्य व्यास आणि चांगलं वंगण असेल तर नळी स्वच्छ राहते. व्यास नळीपेक्षा सिलिंडरच्या घराच्या तोंडाशी जुळायला हवा. गोळी त्या तोंडातून बोटाच्या हलक्या दाबाने सरकली तर जुळली समजा. शिशाचं काम झालं की हात धुतल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत.

काही अतिहलक्या .३५७ रिव्हॉल्व्हरांच्या नळीवरच १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नये असं कोरलेलं असतं. ती सूचना आहे, सल्ला नाही.

स्वसंरक्षणासाठी ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये स्वतः भरलेली काडतुसं ठेवावीत?

मी ठेवत नाही. होलो पॉइंट, म्हणजे तोंडाला पोकळी असलेली, गोळी उमलायला वेग लागतो आणि आखूड नळीत नेमका तोच तुटपुंजा असतो. कारखान्यांनी खास आखूड नळीसाठी मऊ, रुंद तोंडाच्या गोळ्या बनवून तपासलेल्या आहेत. अमेरिकेत 'एफबीआय लोड' म्हणून ओळखली जाणारी १५८ ग्रेनची मऊ शिशाची +पी भरणीही तशीच. घरी भरून आपण त्या चाचण्यांची बरोबरी करू शकत नाही. दुसरं कारण न्यायालयातलं. गोळी किती अंतरावरून सुटली हे ठरवताना तज्ज्ञ त्याच काडतुसाचे नमुने मारून बघतात. कारखान्याच्या पेटीचा नमुना मिळतो, तुमच्या टेबलावरच्या भरणीचा तसा तटस्थ नमुना मिळत नाही.

घरची भरणी सरावाला ठेवा, पण अशी की ती ठेवणीतल्या काडतुसाच्या जवळपास धक्का देईल आणि त्याच जागी लागेल. हजार काडतुसं सरावाला आणि पन्नास ठेवणीला, असा हिशोब बसतो.

प्रायमर कोणताही चालतो का?

नाही. तालिकेत जो आहे तोच. बदलला तर भरणी पुन्हा खालून सुरू करा. चाप हलका व्हावा म्हणून घोड्याची स्प्रिंग मऊ केली असेल तर कठीण टोपीचे प्रायमर फुटत नाहीत, दुहेरी क्रियेत (चाप ओढूनच घोडा मागे नेऊन सोडताना) तर हमखास. प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित खाली बसला पाहिजे. टेबलावर काडतूस उभं ठेवा. डुगडुगलं तर प्रायमर वर आहे, आणि ते सिलिंडर अडवणार.

एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली तर कळतं का?

.३८ स्पेशलमध्ये नुसत्या वजनावरून सहजी कळत नाही, म्हणून भीती. ही पुंगळी १८९८ ची, काळ्या दारूच्या काळातली. काळी दारू तिला जवळजवळ भरून टाकत असे. आजची धूरविरहित दारू तिचा लहानसा कोपराच व्यापते, त्यामुळे दुप्पट पडली तरी गोळी आरामात बसते. म्हणून मी फुगीर, जागा व्यापणारी दारू निवडतो. दुप्पट पडली तर ती पुंगळीबाहेर सांडलीच पाहिजे किंवा निदान डोळ्यांना दिसली पाहिजे. दारू घालून झाली की सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून टॉर्चखाली आत बघतो. रेडिओ बंद, फोन दुसऱ्या खोलीत. मध्ये कोणी बोलायला आलं तर हातातली पुंगळी रिकामी करून पहिल्यापासून.

याच रिकाम्या जागेमुळे आणखी एक गोष्ट होते. नळी खाली करून मग वर उचलून मारलं तर दारू गोळीकडे असते, नळी आधी वर केली तर प्रायमरकडे. काही भरणींचा वेग एवढ्यानेच लक्षात येण्याइतका बदलतो. क्रोनोग्राफवर दोन्ही तऱ्हांनी मारून बघा. फरक मोठा असेल तर दारू बदला.

आणि दारू पडलीच नाही तर?

'फुस्स' असा आवाज, धक्का नाहीसा. थांबा. नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट तशीच ठेवा, उशिरा पेटणारं काडतूस असू शकतं. मग रिव्हॉल्व्हर रिकामं करा आणि नळीतून दांडी घालून बघा. नुसता प्रायमरही गोळीला नळीत ढकलून अडकवू शकतो. पुढचा चाप ओढला तर नळी फुगते किंवा फुटते. जलद मारायच्या सरावात ही चूक होते, कारण बोट कानाच्या आधी चालतं.

प्रायमर चपटा झाला नाही, म्हणजे दाब ठीक आहे ना?

नाही. प्रायमर चपटा होण्याचं लक्षण ज्या दाबाला दिसू लागतं, तो .३८ च्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे असतो. .३८ मध्ये लक्षण दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तालिकेच्या कमाल आकड्याच्या आत राहणं हाच इथला दाबमापक.

पुंगळ्या घराला चिकटून निघत नसतील तर मात्र ते ऐका. आखूड रिव्हॉल्व्हरची पुंगळ्या ढकलणारी दांडीही आखूडच असते, लांब पुंगळ्या ती पूर्ण बाहेर काढत नाही. .३५७ च्या जोरदार भरणीत हा त्रास नेहमीचा, .३८ मध्ये क्वचित. दांडी ठोकताना नळी आकाशाकडे आणि झटका एकच, जोरात. हळू ढकललं की एखादी पुंगळी चांदणीखाली सटकते आणि मग नखांनी उकरत बसायचं.

एखादी भरणी पक्की करायला किती मारावी लागतात?

मी पन्नासच्या आत निर्णय घेत नाही. आधी पाच-पाच, टेकू देऊन, साइटशी जुळतात का ते बघायला. मग पाचही घरांतून वेगवेगळी मारून, कारण एखादं घर अरुंद असू शकतं. मग सरकण्याची चाचणी. उरलेली उभ्याने, दुहेरी क्रियेने, ७ मीटरवर. टेकूवर सुंदर गट देणारी भरणी उभ्याने मारताना हात थरथरवत असेल तर ती माझ्या कामाची नाही, वेग कितीही असो.

.३८ सोडून दुसरं काही?

.३२ स्मिथ अँड वेसन लाँगकडे दुर्लक्ष होतं. १८९६ चं काडतूस, धक्का अगदी कमी, आणि त्याच्या वॉडकटरवर आंतरराष्ट्रीय सेंटर-फायर पिस्तूल स्पर्धा आजही खेळल्या जातात. छोट्या फ्रेममध्ये पाचाऐवजी सहा काडतुसं बसतात. मनगट दुखऱ्या माणसाला मी आधी हेच सुचवतो.

घरी काडतुसं भरायला परवाना लागतो का?

देशागणिक नियम वेगळे. कुठे शस्त्राचा परवाना पुरतो, कुठे दारू आणि प्रायमरसाठी स्वतंत्र परवाना लागतो, कुठे घरी भरणं हा सरळ गुन्हा आहे. यंत्र विकत घेण्याआधी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी उत्तर घ्या.

ओळखीच्या माणसाने स्वतः भरलेली शंभर काडतुसं दिली आहेत. मारू का?

नको. तो कितीही नेटका असला तरी नको. त्याने ती त्याच्या रिव्हॉल्व्हरसाठी भरली आहेत, आणि त्याचं वजन, फट, साइट काहीच तुमच्याशी जुळत नाही. गोळ्या आणि पुंगळ्या वाया घालवायच्या नसतील तर गोळी ओढायच्या साधनाने काडतुसं सुटी करा. त्यातली दारू मात्र फेका. डबीवर नाव लिहिलेलं असलं तरी आत तीच आहे याची खात्री तुम्हाला देता येणार नाही.